उभ्या नवरात्रातली लेझीम

मित्रांनो, शाळेच्या मैदानावर छन्-छन् असा ठेका सुरू झाला की तुमचे पाय आपोआप उचलतात, होय ना? तो आवाज माझ्या घराण्याचा. मी लेझीम आहे आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. हातांच्या घामाने माझा दांडा काळा पडला आहे, चकत्यांच्या कडा गंजल्या आहेत. फक्त साखळीतली एक कडी बाकीच्यांपेक्षा नवी दिसते. घरी आलेला पाहुणा मला हातात घेतो आणि हमखास विचारतो, "ही एकच कडी वेगळी कशी?" त्या कडीचीच कथा आज तुम्हाला सांगायची आहे.

कीर्तनात बुवा आधी नमन करतात आणि मग विषयाला हात घालतात. माझं नमन बशीर शिकलगारांना. कडेगावच्या बाजारात त्यांचं लहानसं दुकान आहे. विळ्या-खुरप्यांना धार लावणं हा त्यांचा रोजचा धंदा, पण यात्रेचे दिवस जवळ आले की ते लेझमी घडवत. त्यांनी बाभळीचा दांडा तासून गुळगुळीत केला, दोन्ही टोकांना साखळी अडकवली, साखळीत पत्र्याच्या गोल चकत्या ओवल्या. मग मला कानाजवळ धरून हलवलं आणि म्हणाले, "बोल गं बाई." मी बोलले. त्यांना ते पटलं नसावं. एक चकती काढून त्यांनी पुन्हा ठोकली, पुन्हा कानाला लावलं, आणि तेव्हा कुठे हसले.

मला घरी नेलं आकारामांनी. ते शेजारच्या गावचे ऊसवाले शेतकरी, आणि गावच्या लेझीम पथकात सगळ्यांच्या पुढे नाचणारे. त्यांच्या घराचं दैवत म्हसवडचा सिद्धनाथ. पालखीपुढे हलगी कडाडली की आकाराम मला अशी फिरवत की म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर बसल्या जागी माना डोलवत. लोक त्यांना शाबासकी देत आणि ते ती माझ्यावर ढकलत. "माझं काय न्हाई गड्या, लेझीम बोलकी हाय," म्हणत. काय दिवस होते ते!

पुढे आकाराम वारले. त्यांच्या पत्नीने, मनुबाईंनी, मला देवघराशेजारच्या खुंटीवर टांगून ठेवलं. दसऱ्याला त्या मला हळद-कुंकू लावत आणि बाकी वर्षभर माझ्या चकत्यांत कोळी जाळी विणत. मी लोखंडाची आहे खरी, पण कुणी हलवल्याशिवाय मला बोलता येत नाही. हे ध्यानात ठेवा. कथेत पुढे मला ते फार जड गेलं.

घरात सून आली. तिचं नाव राजेश्वरी, माहेर फलटणकडचं. मुलगा यशराज सैन्यात, त्यामुळे लग्नाचा हार सुकायच्या आत तो परत कामावर गेला. घरात सासू-सून दोघीच राहिल्या. सासूला ती 'आत्या' म्हणे. सुरुवातीला घर कसं गजबजलेलं होतं! गावात कीर्तन असलं की दोघी संध्याकाळी लवकर स्वयंपाक उरकून देवळात जात आणि येताना बुवांची चाल गुणगुणत येत.

मग हळूहळू काहीतरी बिनसलं. काय, ते सांगता येत नव्हतं. राजेश्वरी सकाळी उठून चुलीपुढे बसे आणि चहा उतू जाऊन विस्तव विझला तरी तिथेच बसून राही. केस विंचरणं राहून जाऊ लागलं. जेवायला बसली की घास हातातच राही. शेजारणी म्हणाल्या, "काय कमी हाय हिला? घर हाय, रान हाय, नवरा नोकरीला हाय." कुणी सांगितलं, मन रमव. कुणी सांगितलं, पहाटे उठून चाल, सगळं जाईल. तिने ऐकलं, चालून पाहिलं. पण बांधापर्यंत गेली की परतायचं बळ उरत नसे. मनुबाईंनी अंगारे लावले, नवसही बोलून पाहिले.

वाट दाखवली यशराजने, फोनवरून. "आई, आमच्यातल्या एका जवानाला असंच झालं हुतं," तो म्हणाला. "त्याला कुणी येडा म्हटलं न्हाई. डॉक्टरनं औषध दिलं, आता डुटीवर हाय. तू हिला सांगलीला ने."

सांगलीच्या डॉक्टर सोनियाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, या आजाराला नैराश्य म्हणतात. ताप येतो तसा हाही आजारच, त्यात राजेश्वरीचा काही दोष नाही. त्यांनी रात्री जेवणानंतर घ्यायची गोळी लिहून दिली. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर धीर सोडायचा नाही, असंही बजावलं. आणि मग विचारलं, "रोज थोडं अंग हलायला हवं. तुम्हाला काय आवडतं?" राजेश्वरी आधी म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, "शाळेत असताना लेझीम खेळायचे."

हे सगळं मनुबाईंनी घरी येऊन मलाच सांगितलं म्हणा ना! मला खुंटीवरून काढता काढता त्या बोलत होत्या. पदराने त्यांनी माझी जाळी पुसली आणि मला सुनेच्या मांडीवर ठेवलं.

पहिले काही दिवस राजेश्वरी मला नुसती धरून बसे. मग एक दिवस उभी राहिली. मग अंगणात दोन पावलं टाकली आणि दमून ओट्यावर टेकली. मनुबाई ओट्यावरून "एक, दोन, तीन, चार" म्हणत आणि मुद्दाम चुकत, म्हणजे सून त्यांना दुरुस्त करील. बरेच दिवस काहीच फरक दिसेना. रोज रात्री गोळी, रोज सकाळी मी. मग एका सकाळी चहा वेळेवर उतरला. पुढच्या आठवड्यात केसांत शेवंतीचं फूल दिसलं. अजून हसू पुरतं आलं नव्हतं, पण ते वाटेवर असल्याची चाहूल घराला लागली होती.

आणि तेवढ्यात दिवाळी आली.

मित्रांनो, आमच्या नाथाचं एक कडक व्रत आहे. दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. तेवढे दिवस व्रत धरणारा माणूस खाली बसत नाही, आडवा होत नाही. जप उभ्याने, फराळ उभ्याने. फारच झोप आली तर तुळईला बांधलेल्या दोरावर हात टाकून तो डुलकी काढतो. याला उभं नवरात्र म्हणतात. श्रद्धेने ते करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या पायांना मी मनातून नमस्कार केला आहे.

त्याच दिवसांत यशराजची तुकडी वर बर्फाकडे गेली आणि त्याचा फोन लागेनासा झाला. राजेश्वरीने नाथापुढे हात जोडले. "ह्यांना सुखरूप ठेव. मी उभी राहते." मनुबाईंनी काळजीने विचारलं, "जमंल का गं पोरी?" तर ती म्हणाली, "डॉक्टरांनी अंग हलवायलाच सांगितलंय की, आत्या. आता बरं बी वाटतंय." सुनेचा भक्तिभाव पाहून सासूचे डोळे भरून आले. दोर बांधला गेला, तो नेमका माझ्या खुंटीजवळ, अंगणाच्या दाराशी.

माझ्या खुंटीवरून देवघराची फळी दिसते आणि फळीवर तिच्या गोळ्यांचं पाकीट असे. पहिल्या रात्री तिने फळीकडे पाहिलं, दूध घेतलं आणि गोळी तशीच ठेवली. तिचा हिशेब साधा होता. गोळी जेवणानंतर घ्यायची, आणि व्रतात जेवण नाही. मग गोळी तरी कशाची? दुसऱ्या रात्री तिने फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. मनुबाईंना हे ठाऊकच नव्हतं. गोळी सून आपली आपण घेते, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

मला मात्र सगळं दिसत होतं. रात्री खुंटीवर असताना वाऱ्याने तरी मला हलवावं, माझी एखादी चकती तरी वाजावी आणि मनुबाईंनी मान वर करून त्या फळीकडे पाहावं, असं मला सारखं वाटे. पण दारं थंडीमुळे लावलेली. माझा आवाज माझ्यातच अडकून राहिला.

राजेश्वरीची झोप उडाली. उभ्याने येणारी डुलकीही येईना. मान वळवली की गरगरतं म्हणू लागली, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं म्हणू लागली. मनुबाईंना वाटलं, उपासाचा शीण असेल. मग ती कारण नसताना रडू लागली. तरी सकाळी मला हातात घेऊन पावलं टाकायचा हट्ट तिने सोडला नाही. आणि एका सकाळी हात वर नेतानाच तिचा तोल गेला. मी दगडी पायरीवर आपटले आणि माझी साखळी तुटली.

मनुबाई धावल्या. दोराला धरून राजेश्वरी कशीबशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, माझ्यानं काहीच धड होत न्हाई. मी नसलेलीच बरी. तुमच्या जिवाचा घोर तरी जाईल."

मनुबाईंनी तिचा हात जो धरला तो सोडलाच नाही. एका हाताने सून धरून दुसऱ्या हाताने त्यांनी बशीरना फोन लावला. आकारामांची लेझीम तुटली हे निमित्त होतं. खरं म्हणजे त्या क्षणी घरात आणखी कुणीतरी माणूस हवं होतं, आणि आकारामांच्या या दोस्ताला सुनेचं दुखणं ठाऊक होतं.

बशीर आपला छोटा टेम्पो घेऊन आले. मला उचलून म्हणाले, "काय वैनी, ह्या वयात लेझीम खेळताय व्हय? साखळीची पार वाट लावली की."

"मी कशाला खेळंन बशीरभाऊ. पोरीच्या हातनं पडली."

बशीरनी राजेश्वरीकडे पाहिलं. तिचे सुजलेले पाय पाहिले, आणि हातातली पक्कड पिशवीत परत ठेवली. "पोरी, सांगलीच्या गोळ्या चालू हायत न्हवं?"

"उपासात कशी घेऊ, चाचा? जेवल्यावर घ्यायची हाय ती."

मनुबाईंनी चटकन फळीकडे पाहिलं. पाकिटातल्या गोळ्या जागच्या जागी होत्या.

बशीर ओट्यावर टेकले. "मला साखर हाय," ते म्हणाले. "रमजान लागायच्या आधी मी डॉक्टरकडं जातो. म्हणतो, साहेब, रोजे धरायचंत, काय करू? ते तपासत्यात. पहाटंच्या जेवणाला कुठली गोळी, संध्याकाळी रोजा सोडताना कुठली, ते सांगत्यात. एका साली म्हणाले, बशीरभाई, यंदा रोजा न्हाई. मी लय रुसलो. पण त्या साली न्हाई धरला. अल्लानं काय माझं दुकान बंद केलं न्हाई. तू डॉक्टरीणबाईला इचारलंस का?"

राजेश्वरीने मान हलवली. नाही.

मनुबाईंनी तिथूनच सांगलीला फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं. सुनेचे ते शब्दही, अडखळत, पण सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, "तिला एकटं सोडू नका. आजच, आत्ता घेऊन या."

बशीरनी टेम्पोचं दार उघडलं. पण राजेश्वरी दोराला घट्ट धरून उभी राहिली. "टेम्पोत बसावं लागंल," ती म्हणाली. "मी बसणार न्हाई. मी बसले आन् तिकडं ह्यांना काय झालं, तर?"

तुमच्या लक्षात आलं ना, मित्रांनो? व्रत मोडायचं तर नवऱ्याच्या जिवाची भीती, आणि नाही मोडायचं तर हिच्याच जिवाची. बशीरनी टोपी काढून डोकं खाजवलं.

मनुबाई देवघरातल्या नाथाच्या चांदीच्या टाकाकडे पाहत राहिल्या. परवाच त्या देवळातून नाथाजीबुवांचं कीर्तन ऐकून आल्या होत्या आणि त्यातली एक गोष्ट सुनेला सांगत होत्या. एखादा टाळकरी तालातून सुटला तर त्याला रांगेतून कुणी हाकलत नाही. शेजारचा त्याच्याकडे तोंड करून थोडा जोरात वाजवतो आणि त्याला तालात परत घेतो. ते आता त्यांना आठवलं की काय, मला माहीत नाही. पण त्या पुढे झाल्या आणि सुनेच्या हातातला दोर त्यांनी आपल्या हातात घेतला.

"नाथा," त्या म्हणाल्या, "हिचं उभं ऱ्हाणं आता माझ्याकडं. घरातल्या घरात हाय, मोडल्यालं न्हाई. रागवायचंच असंल तर माझ्यावर रागव, मला सवय हाय तुझी." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "बस आता, पोरी."

राजेश्वरी हळूहळू उंबऱ्यावर बसली. इतक्या दिवसांनी गुडघे वाकले तशी ती हमसून रडली. मनुबाईंनी उभ्यानेच तिला दूध-भात कालवून दिला.

"चला, वैनी, तुमी बी पुढं बसा," बशीर म्हणाले.

"बसू कशी? आता मी उभी हाय न्हवं."

"आँ? सांगलीपतुर?"

"मागं हौद्यात उभी ऱ्हाते. ऊसतोडीच्या बाया न्हाई का जात?"

"आन् पोलिसानं धरलं तर?"

"त्याला सांग, नाथाची पालखी चाललीया."

अशी ती वरात निघाली. पुढे बशीर आणि राजेश्वरी, मागे लोखंडी दांडी धरून उभ्या मनुबाई, आणि त्यांच्या खांद्याला मी, तुटकी साखळी लोंबत. बशीर टेम्पो इतका जपून चालवत होते की सायकलवाले पुढे निघून जात होते. प्रत्येक खड्ड्याला मनुबाईंच्या गुडघ्यातून कळ जाई ती मला त्यांच्या खांद्यातून कळे. त्या नाथाचं नाव घेत होत्या आणि काचेतून सुनेची मान ताठ दिसते की नाही तेवढंच पाहत होत्या.

दवाखान्यात आणखीच गंमत. मदतनीस म्हणाला, "आजी, बसा की." त्या नको म्हणाल्या. त्याला वाटलं खुर्ची आवडली नसेल, म्हणून त्याने गादीची आणली. मग तीही नको म्हटल्यावर स्टूल आणलं. शेवटी तो म्हणाला, "पाय दुखत नाहीत का?" मनुबाई म्हणाल्या, "दुखत्यात की." बिचारा गोंधळून निघून गेला.

डॉक्टर सोनियाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी राजेश्वरीला सरळ विचारलं, "मी नसलेलीच बरी, असं मनात किती वेळा येतं?" ती बोलली. आधी चाचरत, मग भडाभडा. डॉक्टरांनी सांगितलं, "असं मनात आलं की लगेच आत्यांना सांगायचं, मला फोन करायचा. एकटीनं सोसायचं नाही. ही गोळी एकदम बंद केली की चक्कर येते, झोप जाते, दुखणं उलटतं. दुधाबरोबर घेतली असती तरी चाललं असतं. मला विचारायचं फक्त."

"मग लेझीम खेळून बरं वाटायचं, ते खोटं व्हतं?" राजेश्वरीने विचारलं.

"खोटं कसं? काहींना नुसत्या व्यायामानं उभारी येते. काहींना गोळी लागते. तुम्हाला सध्या दोन्ही लागतात. कधी थांबायचं ते आपण मिळून ठरवू, आणि हळूहळू थांबू."

मी मनुबाईंच्या खांद्यावरून ऐकत होते. माझंही तसंच होतं की. साखळी तुटली तेव्हा मी नुसता दांडा उरले होते, ठोकलं तर ठक् वाजणारा. आणि दांड्यावाचून साखळी म्हणजे लोखंडाचा ढीग. आवाज दोघांच्या जोडीत असतो, हे मला सांगलीच्या दवाखान्यात उमगलं.

डॉक्टरांनी जाता जाता मनुबाईंना गुडघ्याला पट्टा बांधायला सांगितलं. "तुम्हाला बसा म्हणणार नाही आजी, पण पाय हलवत राहा."

बशीरनी मला नवी कडी घातली. त्यानंतर रोज संध्याकाळी मनुबाई दोराला धरून उभ्या राहत आणि राजेश्वरी त्यांच्यापुढे अंगणात थोडी पावलं टाकी. जेवण झालं की मनुबाई उभ्यानेच फळीवरून गोळी काढून देत. तोंडाने कीर्तनाची चाल चालूच असे. अजून ती दमत होती, अजून एखाद्या दिवशी रडत होती. पण एकटी रडत नव्हती. मधेच एकदा यशराजचा फोन लागला. "आई, काय करतीयास?" मनुबाई म्हणाल्या, "उभी हाय." तो म्हणाला, "मग बस की." तेव्हा राजेश्वरी हसली. त्या दिवाळीतलं ते तिचं पहिलं हसू.

तुळशीचं लग्न लागलं, अक्षता पडल्या, घट उठले. मनुबाईंचे पाय खांबासारखे झाले होते. राजेश्वरीने त्यांना कंबरेला धरून हळूहळू पाटावर बसवलं. बसल्यावर मनुबाई म्हणाल्या, "बसले बाई. आता उठवायला बी तूच हायस."

"हाय की, आत्या," राजेश्वरी म्हणाली.

मित्रांनो, मला पुसत जा, तेलाचा हात फिरवत जा, खुंटीवर विसरू नका, ही विनंती तर मी करणारच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमच्या घरात, वर्गात कुणी गप्प गप्प झालं, तर त्याला 'काय कमी आहे तुला' असं म्हणू नका. त्याच्याकडे तोंड करून उभे राहा. त्याचं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना न विचारता बंद होत नाही ना, एवढं बघा. आणि तसं दिसलं तर घरातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. मला खुंटीवरून सगळं दिसत होतं, पण हलवल्याशिवाय बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

आज राजेश्वरीचे काही दिवस चांगले जातात, काही जड जातात. जड दिवशी ती दोनच पावलं टाकते. मनुबाई ओट्यावरून अजूनही मुद्दाम चुकीचं मोजतात.